ठिपक्यांची कासवं

वाई,
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप गोजराआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून निघाले ती तेजसच्या टेम्पोत झोपले, ते थेट वाईला उतरले. कधी नव्हे तो घाटात गाडी हळू चालवत होता. मागे रिकामे क्रेट आणि पुढे झोपलेली बहीण, दोन्ही आदळून चालत नाहीत, असं त्याचं म्हणणं. दर आठवड्याला तो इकडची भाजी तुर्भ्याच्या मार्केटला नेतो, तेव्हा आपलं टपाल त्याच्याच हाती. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं लागत नाहीत, त्या निमित्ताने माझं अक्षर तरी सुधारतंय.

तीन दिवस तुझं स्वयंपाकघर चिखलाने भरून टाकलं त्याबद्दल रंजितावहिनींची माफी माग. मी काय करतेय हे तू विचारलंस तेव्हा जाळी ओढण्याच्या नादात मी धड उत्तर दिलं नाही, म्हणून आता लिहिते. केतनदादाच्या कमिटीला मे महिन्यात तुमच्या तलावाचा तळ आणि काठ सिमेंटचा करून मधोमध कारंजं बसवायचं आहे. त्याआधी तलावात कासवं किती आहेत ते आमच्या कासव केंद्राने सांगायचं. शंभराच्या वर निघाली तर काठ मातीचाच राहील आणि कासवंही तिथेच राहतील. त्याहून कमी निघाली तर एवढ्याशा जिवांचा त्या पाण्यात निभाव लागणार नाही असं धरून ती सगळी वाईला आमच्या टाक्यांमध्ये आणायची आणि तलाव सिमेंटवाल्यांना मोकळा करून द्यायचा. मोजायचं काम माझ्याकडे आहे. नोकरीत लागल्यापासून मला एकटीला दिलेलं हे पहिलंच काम, म्हणून थोडं टेन्शन आहे.

या खेपेला चाळीस कासवं जाळ्यात आली. प्रत्येकाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ती परत सोडली. फेब्रुवारीत पुन्हा जाळी लावीन. तेव्हा ठिपक्याची कासवं परत सापडायला हवीत, नाहीतर माझा हिशेबच बसणार नाही. तू रोज संध्याकाळी पायरीवर माशांची डोकी घेऊन जातेसच, तेव्हा त्यांच्यावर जरा नजर असू दे. नेलपॉलिशची बाटली तुझ्या फडताळातच राहिली. आम्हाला लावायला वेळ नसतो, तू लाव.

बाबांना पावणे गावी वेगळं पत्र धाडते आहे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची,
सुचिता


बोनकोडे,
२० जानेवारी २०२५

चि. सुचितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, सोबत पाठवलेला वाटाणाही पोचला. निम्मा तेजसनेच वाटेत सोलून खाल्ला होता. तिळाच्या वड्या पाठवते आहे, त्या तरी पुऱ्या पोचतात का बघ.

माझ्या लग्नाआधी मी एकदा जत्रेतून नखांचा रंग आणला तर तुझ्या आजीने तो राखेने घासून काढला होता. आता आमची भाची पगार घेऊन कासवांना रंग लावते. काळ बदलला तो असा. देवळाच्या कट्ट्यावर बसणारा वामन रोज विचारतो, कासवांचं लगीन हाय का, हलद कधी लावनार. मी त्याला सांगितलं, नवरा तू असशील तर कासवं तयार नाहीत.

त्यांची खबर अशी की सगळी ठीक आहेत. मी पायरीवर ताट आपटलं की पाण्यात डोकी दिसायला लागतात. तुझी ठिपक्याची येतात, बिनठिपक्याचीही येतात. ठिपक्याची दिसली की माझ्या माणसाने हात लावलेली म्हणून जरा जास्त माया येते, हे खोटं कशाला बोलू. मग बाकीची माना वर करून बघत राहतात आणि मलाच कसंतरी होतं.

येत्या रविवारी रंजिता घरी हळदीकुंकू करते आहे. सोसायटीच्या पन्नासेक बायका येतील. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणलेत, झाकण घट्ट बसतं म्हणे. तुझ्या बाबाच्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं, तेव्हा मी पंधरा दिवस पावण्याला जाईन. तू मोजायला येशील तेव्हा आपली चुकामूक होईल, पण किल्ली रंजिताकडे आहे आणि सुकट डब्यात आहे. जेवणाची हयगय करू नकोस. तुझी गालफडं बसलेली मला बघवली नाहीत.

मोठ्यांचा आशीर्वाद आणि लहानांची माया, दोन्ही चालू राहोत.

तुझी
गोजराआत्या


वाई,
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना आता छान दिसतंय असं तेजस म्हणाला. पट्टी काढल्या काढल्या त्यांनी पहिल्यांदा त्याच्या टेम्पोवरचा ओरखडा ओळखला म्हणे.

आता कामाचं लिहिते, आणि ते लिहायला मला आवडत नाहीये. मागच्या आठवड्यात मी बोनकोड्याला जाळी लावली. एकतीस कासवं आली, त्यातली दोन सोडून सगळी ठिपक्याची. याचा अर्थ तलावात एकूण चाळीस-पंचेचाळीसच कासवं आहेत. मला वाटलं होतं त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. मी आकडे तीनदा तपासले आणि अहवाल आमच्या प्रियदर्शिनीमॅडमकडे दिला. मॅडम या केंद्राच्या प्रमुख, फार मोजकं बोलतात. त्यांनी वाचून सही केली आणि टाक्या रिकाम्या करायला सांगितल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कासवं इकडे आणायची.

तुझं काय होईल ते मला कळतं. पण ती इथे सुखात राहतील, हे मनापासून लिहिते. पाणी गाळलेलं असतं, खाणं वेळेवर, आजारी पडलं तर डॉक्टर. एकच खरं आहे की आमच्या टाक्यांतल्या कासवांनी गेल्या दोन वर्षांत अंडी घातलेली नाहीत. वाळू बदलली, दिवे बदलले, काही केल्या जमत नाही. पण जमेल. तू महिन्यातून एकदा तेजसबरोबर ये, हातानं भरव, इथे तुला कुणी अडवणार नाही.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही. तुझ्या पत्राची वाट बघते.

तुझी
सुचिता


बोनकोडे,
२ मार्च २०२५

चि. सुचितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावण्याला मिळालं. उत्तर घरी येऊन लिहायचं ठरवलं, कारण तुझ्या बाबाच्या घरी कागद मिळतो तर पेन मिळत नाही.

मी रागावलेली नाही. तू शिकलेली आहेस, मोजून सांगते आहेस, तेव्हा ते तसंच असणार. वाईट मात्र वाटलं. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून मी त्या पायरीवर जाते. आधी धुणं घेऊन जायचे, मग घरात मशीन आलं तरी जायचे. तुझे काका गेले तेव्हा महिनाभर मला घरात बसवत नव्हतं, तेव्हाही तिथेच जाऊन बसायचे. कासवं काही बोलत नाहीत, आणि मला आता ऐकूही येत नाही, त्यामुळे आमचं जमतं.

तुझ्याकडे ती जातील तर जाऊ देत. त्यांना बोंबलाची डोकी आवडतात, मांदेलीची नाही. मोठ्या मादीच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं आहे, तिला उजवीकडून भरवायचं.

एक समाधान आहे, ते तुला सांगते. जाताना त्यातलं कुणी उघड्या कपाळानं जाणार नाही. रंजिताच्या हळदीकुंकवाच्या दिवशी मी आत वड्या कापत होते. बाहेर बायका येत होत्या, कुंकू लागत होतं, हसणं चाललं होतं. रंजिता वाईट नाही, रीत आहे म्हणून तिने मला बाहेर बोलावलं नाही, आणि रीत आहे म्हणून मीही गेले नाही. अशी नऊ वर्षं झाली. मला आता त्याचं काही वाटत नाही असं घरात सगळे समजतात. वाटतं. त्या संध्याकाळी मी ताट घेऊन पायरीवर गेले. एकीच्या पाठीवर लाल टिकली, दुसरी तशीच. पंगतीत असा दुजाभाव मी माझ्या घरात कधी केला नाही. फडताळातली तुझी बाटली घेऊन आले आणि खायला येईल तिच्या पाठीवर एकेक ठिपका दिला. पुढचे आठ-दहा दिवस, पावण्याला निघेपर्यंत, रोज दिला. बाटली संपली तेव्हा रंजिताची घेतली, तिला अजून माहीत नाही. तुझ्यासारखा गोल येत नाही, पण पायरीवर येणारी एकही मी वगळली नाही.

तेव्हा तुझ्या टाक्यांत सगळ्या मानाने येतील. तब्येत सांभाळ. माझा जीव तुमच्यात आहे, तो तसाच सांभाळा.

तुझी
गोजराआत्या


वाई,
६ मार्च २०२५

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. हळदीकुंकवाचं जे लिहिलंस त्याबद्दल मी भेटीतच बोलेन, कागदावर मला जमणार नाही. आज फक्त ठिपक्यांचं लिहिते. मी तुला तेव्हाच नीट समजावलं असतं तर हे झालं नसतं.

समज, तुझ्याकडे वालाचं पोतं आहे आणि त्यात दाणे किती ते न ओतता सांगायचं आहे. वाटीभर वाल काढायचे, त्यांना कुंकू लावायचं, परत पोत्यात टाकून हलवायचं. मग पुन्हा वाटीभर काढायचे. त्यात लाल दाणे दोन-चारच आले, तर पोतं मोठं आहे. वाटी लालच लाल भरली, तर पोत्यात फारसं काही उरलेलं नाही. म्हणजे मला ठिपक्याची कासवं सापडायला हवी होती, पण थोडी. मी नुसतं सापडायला हवीत एवढंच लिहिलं. आणि तू पोत्यातल्या बाकीच्या वालांनाही कुंकू लावलंस. मला वाटलं पोतं रिकामं आहे.

माझा आकडा चुकलेला आहे, आत्या. खरा किती ते मला माहीत नाही. कदाचित दुप्पट असतील, कदाचित पन्नासच असतील. पण न मोजता त्यांना उचलून आणता येणार नाही.

मी तुझं पत्र घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. हळदीकुंकवाचा भाग दाखवावा की नाही ते कळेना, पण त्याशिवाय बाकीचं समजलं नसतं. त्यांनी सावकाश वाचलं. मग खुणेचं सामान मागे ठेवून येणाऱ्या माणसाला त्या काय म्हणतात ते मला म्हणाल्या, ते इथे लिहीत नाही. अहवाल त्यांनी मागे घेतला. कमिटीला कळवलं की एप्रिलमध्ये पुन्हा मोजणी होईल आणि तो आकडा शेवटचा. या वेळी रंग नाही. कवचाच्या कडेला कानशीने बारीक खाच करायची, तिची परवानगी मिळाली आहे. नख कापल्यासारखंच, दुखत नाही.

आता तुझ्याकडे मागणं. मोजणी संपेपर्यंत पायरीवर जाऊ नकोस. तू जातेस म्हणून ठरावीक कासवं तिथेच घोटाळतात, तीच जाळ्यात येतात, आणि तळातली कधी दिसतच नाहीत. दीड महिना, आत्या. तुला हे सांगायला मला जड जातंय.

तुझीच
सुचिता


बोनकोडे,
१९ एप्रिल २०२५

चि. सुचिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वरची ओळ आईने माझ्या डोक्याशी उभं राहून लिहून घेतली. पुढचं माझं, केतनचं. मेसेज टाकतो म्हटलं तर म्हणते घरातल्या गोष्टी कागदावरच बऱ्या. कॉलेज सुटल्यापासून सहीशिवाय काही लिहिलेलं नाही, सांभाळून घे.

तू दोन्ही वेळा येऊन गेलीस. दुसऱ्या खेपेला मीच जाळी ओढायला पाण्यात होतो आणि पाय कापून घेतला, हे तुझ्या अहवालात येऊ दे. निकाल कधी देतेस ते सांग. सिमेंटवाला रोज फोन करतो, रेट फक्त या महिन्यापुरता धरून ठेवलाय. कमिटीत मला सगळे विचारतात की तुझी बहीण नक्की काय मोजते, कासवं की आमचा पेशन्स. मला स्वतःला कारंजं हवं होतं, हे मी लपवत नाही. गावात बघण्यासारखं काही नाही, पोरं संध्याकाळी मॉलमध्ये जातात. पण चुकीच्या आकड्यावर काम सुरू करायला मीही तयार नाही, उद्या कुणी विचारलं तर उत्तर माझ्याकडे मागतील.

आईचं लिहायला हवं. ती पायरीवर जात नाही, तू सांगितल्यापासून एकदाही गेली नाही. संध्याकाळी तिच्या वेळेला उठते, ताट घेते, ओट्यापाशी उभी राहते आणि ताट ठेवून देते. परवा रंजिताने फ्रीजर उघडला तर बर्फाला जागा नाही, सगळे बोंबलाच्या डोक्यांचे डबे. संक्रांतीच्या वाणाचेच डबे, झाकण खरंच घट्ट बसतं. रंजिता चिडली होती, पण आईकडे बघून तिने फ्रीजर तसाच बंद केला. तिच्या नेलपॉलिशचंही आता तिला कळलंय, तेही तिने सोडून दिलं.

जेवण कमी झालंय. मी विचारलं तर म्हणते उन्हाळा आहे. जो काय आकडा असेल तो लवकर काढ. चाळीस असो की चारशे, घरात एकदाचं कळू दे.

लोभ वगैरे तुला माहीतच आहे.

तुझा
केतनदादा


वाई,
११ मे २०२५

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आकडा आला. एकशे तीसच्या आसपास. दहा-पंधरा इकडे तिकडे होऊ शकतात, पण शंभराच्या खाली कुठल्याही हिशेबाने जात नाही. आणि त्याहून मोठं म्हणजे जाळ्यात वाटीएवढी पिल्लं आली. देवळामागच्या मातीच्या काठात माद्या अंडी घालतायत. आम्ही दिवे लावून आणि वाळू बदलून दोन वर्षांत जे करू शकलो नाही ते तिथे आपोआप चाललंय. मॅडम स्वतः काठ बघायला आल्या होत्या, बराच वेळ उकिडव्या बसून होत्या.

निर्णय असा की काठ मातीचा राहणार, तळ जसा आहे तसा राहणार, एकही कासव वाईला येणार नाही. केतनदादाचं कारंजं रस्त्याकडच्या बागेत जाईल. मी फोन केला तेव्हा तिथे पाण्याचं कनेक्शन सोपं पडेल असं तो म्हणाला.

आता पुढचं, आणि हे मॅडमचं नाही. मीच सुचवलं, म्हणून मीच लिहिते. यापुढे तलावातल्या कासवांना कुणीही खायला घालायचं नाही, तसा बोर्ड लागेल. कुणीही म्हणजे तूसुद्धा. आमच्या टाकीत दोन कासवं आहेत, ती कुणीतरी अशीच कुठल्यातरी तलावाच्या पायरीवरून उचलून घरच्या काचपेटीत ठेवली होती. कुठलाही हात दिसला की ती मान लांब करतात. उचलणाऱ्याला दुसरं काही करावंच लागलं नसेल. तुझ्या हाताची सवय लागलेली कासवं उद्या दुसऱ्याच्या हातालाही येतील. ती तलावात राहायची तर त्यांना माणसाची ओळख नको.

टाकीत आणली असती तर तू येऊन भरवू शकली असतीस. ती वाचली, आणि त्यामुळेच तुझ्या हातून सुटली. हे मला रात्रंदिवस सलतंय. मला तुझी फार आठवण येते. वाटलं तर मला शिव्या दे, पण रोज दोन्ही वेळा जेव.

तुझी भाची,
सुचिता


बोनकोडे,
२७ जुलै २०२५

चि. सुचितास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझी तीन पत्रं आली, तेजसने दोनदा निरोप विचारला, तरी मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होईपर्यंत थांबले होते.

आकडा ऐकून मला आनंद झाला, हे आधी. माझ्यामुळे त्यांना घर सोडावं लागलं असतं. प्रेमानं करायला गेले आणि त्यांच्याच मुळावर आलं असतं, हा विचार करून मला किती दिवस घास गेला नाही. केतनला मी उन्हाळा म्हणून सांगितलं.

बोर्ड लागला. वामनला वाचता येत नाही तरी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो आणि पाव टाकणाऱ्या पोरांवर ओरडतो. फ्रीजरमधली डोकी मी रंजिताला फेकायला सांगितली. तिने फेकली, आणि त्या दिवशी मला तिच्याबरोबर बाजारात घेऊन गेली. साडी घेऊ म्हणाली. मी घेतली.

तुला शिव्या मात्र मी देणार नाही. मीही पोरांना वाढवलं आहे. माझ्याच हातून जेवायची सवय ठेवली असती तर केतन अजून ताटावर बसून राहिला असता.

बोर्ड लागल्यापासून मी पुन्हा तलावावर जाते, पण ताट न नेता, आणि पायरीवर नाही, वरच्या कट्ट्यावर बसते. सुरुवातीला ती यायची. मला बघून यायची की वेळ झाली म्हणून, देव जाणे. पायरीशी डोकी वर काढून थांबायची, मोठी मादी सगळ्यात शेवटपर्यंत थांबायची. मी हात पदरात धरून बसायचे. वामन म्हणायचा, एक तुकडा टाक, कोन बघतंय. मी नाही टाकला. मग हळूहळू कमी झाली. एखाददोन यायची, जरा बघायची, वळायची.

काल संध्याकाळी अंधार पडेस्तोवर बसले होते. पलीकडे देवळाच्या बाजूला पाणी हलत होतं, तिथे होती. पायरीकडे एकही आली नाही. मी घरी आले, रंजिताने वाढलं ते पोटभर जेवले आणि आज तुला लिहायला बसले. तुझ्या अहवालात हे घालता येत असेल तर घाल.

त्यांनी मला ओळखणं सोडलं ते बरंच झालं. तू मात्र सोडू नकोस.

तुझी
गोजराआत्या